सरळ डोळ्यांत मारलेला फ्लॅश

लग्नात मी कॅमेरा उचलला की पाहुणे आधी डोळे बारीक करतात. "ताई, तेवढा लाइट तोंडावर मारू नका," म्हणतात. मारू नका, असंच म्हणतात. जळगावात इतकी वर्षं स्टुडिओ चालवते आहे, पण फ्लॅश म्हणजे तोंडावर मारायची वस्तू, ही लोकांची समजूत काही गेली नाही. त्यात लोकांची चूक नाही. निम्म्या फोटोग्राफरांनी तो तसाच वापरला आहे.

फ्लॅश म्हणजे पापणी लवायच्या आत येऊन जाणारा उजेड. तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून सरळ समोर सोडला, की माणसाचा चेहरा चुना फासल्यासारखा दिसतो, मागच्या भिंतीवर काळी सावली पडते आणि डोळे लाल येतात. म्हणून या धंद्यात जरा शिकलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर फ्लॅशचं तोंड फिरवतो. छताकडे फिरवलं तर सगळं छत दिवा होतं. छत नसेल तर थर्माकोलचा तुकडा चालतो, एखाद्या आजोबांचं पांढरं धोतरही चालतं. हळदीच्या वेळी मी फ्लॅश नवरीच्या मागे लपवते. उधळलेली हळद हवेत असते तोवर त्यातून उजेड येतो आणि पोरगी पिवळ्या धुक्यात उभी असल्यासारखी दिसते. हे फोटो पाहून मला कामं मिळतात. त्याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

पण ज्या फोटोबद्दल मी आज लिहिते आहे, तो माझा सगळ्यात वाईट फोटो आहे. सरळ मारलेला फ्लॅश, बोडकं डोकं, पांढरं फटक तोंड. माझ्याकडे शिकायला आलेल्या कुणी तो काढला असता, तर मी त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला असता.

त्या कुटुंबाशी ओळख झाली ती धरणगावजवळच्या कापसाच्या एका जिनिंग कारखान्यामुळे. मालकाला कॅलेंडरसाठी फोटो हवा होता, रुई हवेत उडते आहे असा. मी रुईच्या ढिगामागे फ्लॅश ठेवला, त्याच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावली आणि दोन बायांना मूठमूठ रुई वर उडवायला सांगितली. कामगार लांब जाऊन उभे राहिले. एक उंच, वाळका माणूस मात्र आग विझवायचं लाल नळकांडं हातात घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तो तिथला मुकादम. सगळे त्याला नाना म्हणत.

"नाना, हा बॅटरीवरचा आहे, ठिणगी पडत नाही यातून," मी म्हटलं.

"नसीन पडत," नाना म्हणाले. "पन रुईले पेटाले निमित लागत नही, ताई."

काम संपेपर्यंत त्यांनी नळकांडं खाली ठेवलं नाही. फोटो सुरेख आला. प्रत्येक तंतू वेगळा चमकत होता. नानांनी तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिला. महिन्याभराने त्यांचा फोन आला. नात वर्षाची होते आहे, वाढदिवसाचे फोटो काढायला या.

गाव धरणगावपासून आत. मी दुपार कलताना पोचले. अंगणात मांडव घातला होता आणि वर हिरवी शेडनेट ताणली होती. मी मान वर केली आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. छत नाही, भिंत लांब आणि हिरव्या जाळीवर उजेड टाकला तर सगळ्यांची तोंडं हिरवी. मग मी स्टँडवर छत्री लावून फ्लॅश बाजूला उभा केला. गुंजन, म्हणजे नानांची नात, आईच्या कडेवर होती. जाऊळ नुकतंच काढलेलं. डोक्याचा चमनगोटा आणि त्यावर टोपी टिकत नव्हती. तिची आई मनीषा धुळ्याची, डी.एड. झालेली. वडील सचिन जळगावला पाइपच्या कारखान्यात.

दिवेलागणीला केक आला. अंगणात एकच पिवळा बल्ब. नेमकं त्याच वेळी वारा सुटला, नेट फडफडली आणि माझी छत्री स्टँडसकट आडवी झाली. फ्लॅशला कॅमेऱ्याशी जोडणारं बिनतारी यंत्र बंद पडलं. इकडे सगळे टाळ्या वाजवायला लागलेले. बाळाच्या हातात सुरी देऊन नाना केक कापत होते. तो क्षण थांबणार नव्हता. मी फ्लॅश उपटला, कॅमेऱ्याच्या डोक्यावर खुपसला आणि सरळ समोरून फोटो काढत सुटले.

गर्दी जेवायला पांगली तेव्हा मी ओट्यावर बसून फोटो पाहू लागले. वाईटच होते. सगळ्यांचे डोळे लाल. ते कसं होतं सांगते. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी उघडलेली असते. समोरून उजेड सरळ आत जातो, डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवर आपटतो आणि लाल होऊन परत येतो. लाल डोळा दिसायला वाईट, पण तो निरोगी डोळ्याचा रंग आहे.

गुंजनचा उजवा डोळा लाल होता. डावा पांढरा होता.

मी फोटो मोठा केला. कागदी पांढरा नव्हे. किंचित पिवळसर, मळकट, मांजरीच्या डोळ्यात बॅटरी मारल्यावर दिसतो तसा. पुढचा फोटो पाहिला. तसाच. त्याच्या पुढच्यात ती खाली बघत होती. आणखी एकात दोन्ही लाल वाटले, म्हणून जीव भांड्यात पडला. मोठा करून पाहिलं तर डावा डोळा मेणबत्तीच्या तांबूस ज्योतीआड अर्धा झाकला होता.

मी कॅमेरा मांडीवर ठेवला. कारण एक वाक्य मी ऐकलेलं होतं. धुळ्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या शिबिराचे फोटो मी काढले होते. तिथल्या डॉक्टर मॅडम चहा पिताना सहज म्हणाल्या होत्या, "तुम्ही लहान मुलांचे फ्लॅशने फोटो काढता ना? एक डोळा लाल आणि एक पांढरा दिसला, तर त्या आईबापांना आमच्याकडे पाठवा. पुष्कळदा काही नसतं. पण कधी कधी आत गाठ असते."

पुष्कळदा काही नसतं. मी तेवढंच धरून बसले. मूल विशिष्ट कोनात बघत असलं तरी असं दिसतं, हेही त्या म्हणाल्या होत्या. मग मी उठले, खुळखुळा घेतला आणि गुंजनला आणखी फोटो काढायच्या निमित्ताने ओट्यावर आणायला लावलं. डावीकडे वाजवला, उजवीकडे वाजवला, माझ्या नाकासमोर वाजवला. ती खिदळत होती. मी सरळ फ्लॅश मारत होते. डावा डोळा प्रत्येक वेळी पांढरा.

मनीषा पोरीला धरून उभी होती. माझा चेहरा तिने वाचला असावा.

"काय झालं ताई?"

मी तिला स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं आणि कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. ती घाबरली नाही. उलट हसली.

"हो ना, संध्याकाळी चमकतो तो डोळा. सासूबाई म्हणतात, भाग्याचं लक्षण आहे."

"किती दिवसांपासून?"

माझा आवाज बदलला होता. तिचं हसू गेलं. "ताई, काय आहे हे?"

"मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पण उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव. धुळ्याला माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर मॅडम आहेत."

मी वळले, तर मागे नाना उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा पाहिला, सुनेचा चेहरा पाहिला.

"आज पोरना पहिला वाढदिवस शे, ताई. आज असं काही बोलानं नही."

"नाना, एकदा दाखवून घ्यायला काय हरकत..."

"मन्ही नातले काहीच व्हयेल नही शे. तुमना कॅमेरा बिघडेल व्हई. त्या फोटो पुसी टाका."

आवाज चढलेला नव्हता. तरी जेवणाऱ्यांच्या पंगतीतल्या माना वळल्या. कुणीतरी बाई पुटपुटली की फोटो काढून काढून पोरीला नजर लावली. सचिन हात धुऊन आला आणि आधी बापाकडे, मग माझ्याकडे पाहू लागला. मला वाटलं, सामान उचलावं आणि निघावं. बोलायचं ते बोलून झालं आहे. परक्याच्या अंगणात, त्यांच्या सणाच्या दिवशी, मी कोण?

पण मी फोटो पुसले नाहीत. मी सचिनला म्हटलं, "माझा कॅमेरा बिघडला असेल, मान्य. तुमचा फोन तर बरा आहे? घरात चला. दिवा बंद करा. आणि तुम्ही स्वतः फोटो काढा."

तो तयार होईना. मनीषाच पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने बटण बंद केलं.

ती खोली मी विसरणार नाही. कापसाच्या गाठोड्यांचा वास, दारात दाटलेल्या बायका, आणि काळोखात बाळाचं काहीतरी बडबडणं. सचिनने आधी भावाच्या मुलाचा फोटो काढला. फोनचा फ्लॅश चमकला. डोळे लाल, दोन्ही. मग पुतणीचा. दोन्ही लाल. मग मनीषाने गुंजनला उभं धरलं. "बाबाकडे बघ बाळा, बाबाकडे." चमकलं.

सचिन फोनकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर त्या पडद्याचा उजेड होता, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला. त्याने पुन्हा काढला. पुन्हा पाहिला. आणि फोन बायकोच्या हातात दिला.

"ताई," तो म्हणाला, "कॅमेरा नाही बिघडलेला."

दारातली गर्दी मागे हटली. नाना अंगणातून बाहेर निघून गेले. मी निघाले तेव्हाही ते परतले नव्हते.

जळगावला परत येताना मला सारखं एकच सुचत होतं. ती छत्री पडली नसती तर? मी नेहमीसारखे, बाजूने उजेड टाकून, मऊ सावलीचे छान फोटो काढले असते. डोळे काळेभोर, टपोरे आले असते. घरच्यांनी अल्बम कौतुकाने पाहिला असता. बाजूने टाकलेला उजेड डोळ्याच्या तळाशी जाऊन परत येतच नाही. लाल डोळा येऊ नये म्हणून जे जे मी शिकले, त्यात हा पांढरा डोळाही दिसेनासा होतो. मग मागे ज्यांचे फोटो काढले त्या बाळांचे चेहरे डोळ्यांपुढे यायला लागले. बारशी, वाढदिवस, जाऊळ. सगळे सुंदर. त्यांतलं कुणाचं काय, मला कधीच कळणार नव्हतं.

सकाळी मनीषाचा फोन आला. मागे बसचा आवाज.

"ताई, मी गुंजनला घेऊन धुळ्याला निघाले. माहेरी जाते म्हणून सांगितलं. सचिनना माहीत आहे, ते ड्यूटी बदलून येतील. नानांना सांगितलं नाही." मग थोडं थांबून, "तुमच्या त्या डॉक्टर मॅडम भेटतील का?"

मी स्टुडिओ उघडलाच नाही. मॅडमना फोन केला, फोटो पाठवले. त्यांनी पाहिले आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "आजच आणा. नंबर लावू नका, थेट आत या." ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं, मी गाडीची किल्ली उचलली.

धुळ्याच्या रस्त्यावर त्या दिवशी पारोळ्याच्या अलीकडे ट्रक आडवा झाला होता. मी गाडीत अडकले, मनीषाची बस माझ्यापुढे गेली होती. मी दवाखान्यात पोचले तेव्हा गुंजनच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घालून झालं होतं. मनीषा बाकावर बसून तिला थोपटत होती. औषध चढायला वेळ लागतो. मी तिच्या शेजारी बसले. 

आणि दारातून नाना आले.

कालचेच कपडे. ते कसे आले, कुणी सांगितलं, मला आजवर माहीत नाही. मनीषा उठून उभी राहिली. पोर तिने छातीशी इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली. मी त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. मी काय करणार होते, देव जाणे.

नानांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सुनेला विचारलं, "डॉक्टरीनबाई काय म्हनस?"

"अजून तपासायचंय, नाना."

ते बाकाच्या टोकाला बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. जिनिंगमध्ये नळकांडं धरून उभे होते तसेच ताठ.

मॅडमनी बराच वेळ तपासलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना आत बोलावलं आणि हळू, साध्या शब्दांत सांगितलं. डाव्या डोळ्याच्या आत, पडद्यावर, गाठ आहे. लहान मुलांना होणारा कॅन्सर आहे, असा दाट संशय आहे. उजवा डोळा आज तरी स्वच्छ दिसतो. मुंबईला न्यावं लागेल, लगेच. तिथं भूल देऊन नीट पाहतील.

"डोळा वाचेल?" मनीषाने विचारलं.

"बहुतेक नाही, काढावा लागेल. गाठ मोठी आहे. पण ती डोळ्याच्या बाहेर गेलेली नसेल, तर मुलगी वाचेल. म्हणून घाई."

नाना म्हणाले, "डोळा काढाना म्हणजे... पोरगीनी जात शे, बाई. एक डोळानी पोर. पुढे तिले कोन..."

"नाना," मनीषा म्हणाली. ती सासऱ्याला पहिल्यांदाच तोडून बोलत होती, हे तिच्या कापऱ्या आवाजावरून कळत होतं. "पुढे म्हणजे कधी? ती राहिली तर पुढे आहे ना?"

खोलीत पंखा फिरत होता. गुंजन मॅडमच्या टेबलावरचा बॅटरीचा दिवा ओढत होती. नानांनी तो तिच्या हातातून हळूच सोडवला. मग खिशातून रुमाल काढून तिचं नाक पुसलं.

"मुंबईले कोनती गाडी जास?" त्यांनी मला विचारलं. आदल्या संध्याकाळनंतर माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

डोळा काढावा लागला. त्यानंतर कितीतरी महिने मुंबईच्या खेपा, इंजेक्शनं, पुन्हा गेलेले आणि पुन्हा आलेले केस. मनीषा अधूनमधून फोन करायची, कधी नुसतीच रडायची, कधी फक्त ताप किती ते सांगायची. गाठ बाहेर गेली नव्हती. हे वाक्य तिने फोनवर तीनतीनदा म्हटलं. उजवा डोळा अजून दरवेळी तपासतात आणि अजून स्वच्छ आहे.

वाढदिवसाचा अल्बम मी कधी केलाच नाही. कुणी मागितला नाही आणि मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून एक केलं. वर्षा-दोन वर्षांचं मूल फोटोला आलं, की सगळे चांगले फोटो झाल्यावर शेवटी एक सरळ फ्लॅशचा काढते. आईबाप विचारतात, हा असा कशाला? मी म्हणते, माझ्यासाठी. एकदाच पुन्हा पांढरा डोळा दिसला. त्या वेळी तपासणीत काहीच निघालं नाही. त्या बापाने मला फोनवर पुष्कळ ऐकवलं. मी ऐकून घेतलं.

यंदा शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी नाना स्टुडिओत आले. बरोबर गुंजन. दोन वेण्या, नवा गणवेश.

"पहिलीले गई," ते म्हणाले. "मोठा फोटो काढानं शे. भितवर लावाले."

डावा डोळा आता बसवलेला आहे. बनवणाऱ्याने फार छान केला आहे, रंग हुबेहूब. पण तो वळत नाही. तिने कडेला पाहिलं की उजवा जातो आणि डावा जागेवर राहतो. म्हणून तिला सरळ समोर बघायला लावायचं आणि मोठ्या छत्रीतून मऊ उजेड टाकायचा. मी मनात आखलंच होतं, तेवढ्यात नाना जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "डावी बाजू अंधारमा ठेवा, ताई. तुमले येस ते."

मला येतं. अर्धा चेहरा सावलीत ठेवणं हे तर माझं हातखंडा काम. तसा फोटो सुंदरही आला असता.

मी गुंजनला स्टुलावर बसवलं. छत्री समोर, किंचित तिच्या डाव्या बाजूला आणली, म्हणजे तो अर्धा चेहराही उजेडात येईल. नानांनी ते पाहिलं. ते उठले, तिची वेणी नीट करायला म्हणून तिच्या डाव्या हाताला गेले आणि वेणी नीट झाल्यावरही तिथेच उभे राहिले, छत्रीच्या आणि पोरीच्या मधोमध.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि थांबले. 

गुंजन वैतागली. "नाना, तिकडे सरक ना! तुन्ही सावली पडी राहिनी मन्हा तोंडवर."

नाना तिच्याकडे पाहत राहिले. मग मागे सरकले, पार भिंतीपर्यंत.